हवेचं माहेर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ताईची गाडी अंगणात येऊन थांबली, भाच्याने डिकी उघडली, आणि पुढच्या अर्ध्या तासात गल्लीतली सात माणसं आईच्या तब्येतीची चौकशी करून गेली. आई ओट्यावर बसून कैऱ्या चिरत होती. पहिल्या बाईने "आता बरं वाटतंय ना?" असं विचारलं, तेव्हा आईने "बरं आहे" म्हणून सांगितलं. दुसरीने कपाळाला हात लावून पाहिला. तिसरे गृहस्थ शहाळं घेऊन आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच "हिंमत ठेवा" म्हणाले. तेव्हा मात्र आईने विळी बाजूला सारली आणि मला विचारलं, "कोन मरी राहनं रे?"

गल्लीचा दोष नव्हता. भाच्याने डिकीतून उचलून ओट्यावर ठेवलं ते मांडीएवढं जाड, दीड हात उंच, पिवळंधमक सिलिंडर होतं. २०२१च्या उन्हाळ्यानंतर असल्या आकाराची वस्तू कुणाच्या घरात शिरताना दिसली, की आमच्याकडे माणसं आधी पायात चपला सरकवतात आणि मग विचार करतात. त्या उन्हाळ्याची आमच्या खानदेशाला एक अभिमानाचीही आठवण आहे. नंदुरबारचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड मूळचे साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, म्हणजे धुळे जिल्ह्यातलेच. पहिल्या लाटेतच त्यांनी हवेतून ऑक्सिजन काढणारी यंत्रं बसवायला घेतली, आणि दुसऱ्या लाटेत मोठमोठी शहरं सिलिंडरमागे धावत असताना आमच्या कोपऱ्यातल्या जिल्ह्याचं नाव देशभर झालं. हवेतून हवा काढतात, एवढं ज्ञान तेव्हापासून इथल्या लहान पोरालाही आहे. त्यामुळे सिलिंडर म्हणजे ऑक्सिजन आणि ऑक्सिजन म्हणजे कुणीतरी खाटेवर, हा हिशेब पक्का.

भाचा मात्र खाटेवरचा नव्हे, समुद्रातला. इंजिनिअरिंग पुरं करून त्याने पाण्यात उडी मारली, हे वाक्य आमच्या घरात शब्दशः खरं आहे. मालवणच्या किनाऱ्यावर तो पर्यटकांना पाण्याखाली नेतो आणि, देवाच्या कृपेने, परत वर आणतो. तारकर्लीला एमटीडीसीने स्कूबाचं प्रशिक्षण केंद्र काढल्यापासून तिकडे हा उद्योग चांगलाच रुजला आहे. पुण्याहून आपल्या आईला घेऊन आजोळी यायचं, तर येताना मालवणहून मामासाठी काजू आणावेत, आमसुलं आणावीत. याने हवा आणली.

"हाई काय शे?" आईने विचारलं.

"आजी, हवा आहे. स्कूबाची टाकी."

आईने टाकी हलवून पाहायचा प्रयत्न केला. ती हलली नाही. "हवा? इतली जड?"

भाच्याने समजावलं, की जड आहे ती ॲल्युमिनियमची टाकी, रिकामीच चौदा किलोच्या आसपास. पण आतल्या हवेलाही वजन आहे, आणि ते अडीच किलोच्या वर भरतं. आईला हे पटलं नाही. अडीच किलो म्हणजे काय, हे तिला वांग्यांच्या, तुरीच्या डाळीच्या मापात नेमकं ठाऊक आहे. तिने पुढचा प्रश्न विचारला, आणि तो सगळ्यात अवघड होता. "हवा इकत लई उना का रे?"

हवा विकत आणली का? भाचा गप्प. ताई गप्प. भरून घ्यायचे पैसे पडतात, हे सांगायची कुणाची छाती होईना. ज्या घरात पाणी विकत घेणाऱ्या पिढीकडे अजून संशयाने पाहिलं जातं, तिथे नातवाने हवा विकत आणली म्हटल्यावर काय राहिलं?

खरं म्हणजे दाबलेल्या हवेशी आमचा संबंध काही आजचा नाही. माझे वडील भुसावळच्या यार्डात होते. हवेची भाषा मी त्यांच्याकडून शिकलो. जुन्या गाड्यांचे ब्रेक व्हॅक्यूमवर चालायचे, म्हणजे गाडीभर फिरलेल्या नळातली हवा ओढून काढलेली असायची. साखळी ओढली की बाहेरची हवा आत शिरायची आणि गाडी थांबायची. पुढे एअर ब्रेक आला. आता नळात पाच किलोची हवा ठासून भरलेली असते, ती सुटली की गाडी थांबते. पूर्वी हवा आत शिरली की थांबायचं, आता बाहेर पडली की थांबायचं. वडील हे सांगून झालं की माझ्याकडे पाहायचे, आणि यात काहीतरी मोठं तत्त्वज्ञान आहे असं मला वाटायचं. ते काय, हे मला अजून उमगलेलं नाही.

शेतीतही हवाच. विहीर खोल करायची, तर ट्रॅक्टरवर बसवलेला कम्प्रेसर बांधावर येऊन उभा राहतो, त्याची लांब रबरी नळी खाली सोडतात आणि तळाशी दोन माणसं काळ्या पाषाणात होल मारत बसतात. वर यायचं, सुरुंग उडवायचा, दगड काढायचे, पुन्हा उतरायचं. ही एक परस खोल गेली तर पाणी लागेल म्हणतात, मग आणखी एक परस. बोअरला पाणी बेताचं असेल तर काही जण कम्प्रेसर पंप लावतात. बोअरमध्ये बारीक नळीने हवा सोडायची आणि ती बुडबुड्यांच्या पाठीवर पाणी घेऊन वर येते. म्हणजे माझा भाचा हवा घेऊन पाण्याखाली जातो, आणि आम्ही हवा घेऊन पाणी शोधायला जातो. यंत्र एकाच जातीचं. फरक पडतो तो खाली काही सापडतं की नाही, याचा.

आखाजीच्या दिवशी सकाळी घागरी भरून झाल्या, पितरांना नैवेद्य गेला, मुली लिंबाच्या झोक्याकडे पळाल्या आणि पुरुषांचे पत्ते पडले. हा आमच्याकडे पत्त्यांचाही सण आहे. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. सालदाराचं नवं सालही याच दिवसापासून धरायचं, त्यामुळे अंगणात सकाळपासून बोलणी चालू होती. त्या गर्दीत माझी स्कूटर भिंतीला टेकून उभी होती. तिचं मागचं चाक गेली अनेक वर्षं निम्मं बसलेलं असतं. मी जळगावहून येतो, हवा भरतो, परत जातो, ती पुन्हा बसते. आमच्या दोघांत हा एक मूक करार झालेला आहे.

भाच्याने ते चाक पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत चमक आली. बॅगेतून त्याने एक नळी काढली. टाकीच्या तोंडाला रेग्युलेटर आवळला, त्याची एक नळी पुढे घेतली, तिच्या टोकाला पितळी कपलिंग, आणि कपलिंगला चाकात हवा भरायची साधी चावी. एरवी ही नळी पाण्याखाली अंगातलं जॅकेट फुगवायला वापरतात. टाकीत दोनशे बारचा दाब. सोप्या भाषेत, गाडीच्या टायरात आपण तीस-बत्तीस मारतो ना, त्या मापाने जवळजवळ तीन हजार. ही हवा सरळ टायरला जोडली तर टायर, चाक आणि जोडणारा, तिघांचंही एकदमच आटोपेल. म्हणून मधे रेग्युलेटर बसतो. त्याची पहिली पायरी दोनशेचा दाब नऊ-दहा बारवर आणते. तोही टायरला चौपट जास्तच, तेव्हा हात चावीवर आणि डोळा काट्यावर ठेवायचा.

फुस्स आवाज झाला, स्कूटर जागची दोन बोटं वर उचलली गेली, आणि अंगणातल्या पत्त्यांचा डाव मोडला.

मग काय. शेजारच्या दोन मोटारी आल्या. कुणाची मोटरसायकल आली. ट्रॅक्टरचं एक मोठं चाक कधीचं बसलेलं होतं, तेही आलं. शेवटी काकांची बैलगाडी. रबरी टायरांच्या गाडीला आमच्याकडे अजून डनलॉप म्हणतात. हे नाव मला नेहमी गोड वाटतं. जॉन बॉईड डनलॉप हा बेलफास्टमधला गुरांचा डॉक्टर. १८८७ साली त्याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचं टायर केलं. पुढे त्याच्या नावाच्या टायरांवर जगभर मोटारी धावल्या, आणि शेवटी ते नाव लोकांच्या तोंडी मुरलं कुठे, तर बैलगाडीत. डॉक्टर गुरांकडेच परत आला.

मी बँकेत नोकरी केलेला माणूस. कुणी काहीही वाटायला लागलं की माझ्या डोक्यात खतावणी उघडते. टाकीत साधारण २,२०० लिटर हवा दाबून बसवलेली. बसलेल्या मोटारीच्या टायरला साठ-सत्तर लिटर लागते, म्हणजे एका टाकीत तीसेक टायरं. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला दोनशेच्या वर, म्हणजे नऊ-दहा चाकं. आणि मालट्रकच्या टायरात शंभरावर दाब मारतात, तिथे ही टाकी दोन चाकांत गारद. पण भाच्याचा हिशेब वेगळा. माणूस सावकाश पोहताना मिनिटाला पंधरा-वीस लिटर हवा घेतो. पाण्यात दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो, हवाही दुप्पट खपते, टाकी तासभर पुरते. तीस मीटरवर चौपट. "मामा," तो म्हणाला, "तुझ्या एका मोटारीच्या टायरात माझे चार मिनिटांचे श्वास गेले." ट्रॅक्टरच्या चाकात गेलेली दहा-बारा मिनिटं त्याने बोलून दाखवली नाहीत, पण ट्रॅक्टर निघून गेल्यावर बराच वेळ तो त्या दिशेने पाहत होता.

तेव्हापासून मला ही भाषा जडली आहे. फुप्फुसात गेली की श्वास, टायरात गेली की हवा, आणि निवडणुकीत कुणाच्या तरी बाजूने वाहिली की तीही हवाच. पैसे पडतात ते मात्र फक्त मधल्या प्रकाराला. तिथेही आता नायट्रोजन निघाला आहे. पंपावरचा मुलगा मोठ्या अदबीने विचारतो, "साहेब, साधी की नायट्रोजन?" साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन आधीच असतो, हे त्याला सांगावंसं वाटतं. पण मागे हॉर्न वाजत असतात.

पोरांनी मात्र या सगळ्यातून आपल्यापुरता एक शोध लावला. हवा जोरात सुटली की ती थंड होते, आणि टाकीसुद्धा. ऊन चव्वेचाळीसवर गेलेलं, कूलरमधून गरम वारा येतोय, आणि ही टाकी माठासारखी गार पडलेली, वरून पाण्याचे थेंब धरलेले. पाच-सहा पोरं गाल लावून बसली. एकाने चावी दाबून तोंडावर फवारा मारून घेतला, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. भाचा धावत आला तोवर मालवणहून आणलेला पाव तासाचा समुद्रतळ आमच्या अंगणात पोरांच्या तोंडावर उडून गेला होता. त्याला राग आला नाही. त्याने काटा पाहिला आणि टाकी उचलून सावलीत नेली. आईने लगेच ओलं गोणपाट आणून तिच्यावर टाकलं. उन्हात ठेवायची नाही, बंद डिकीत तर मुळीच नाही, तापली की आतला दाब चढतो, असं तो सांगत होता. आईला त्यात नवीन काही वाटलं नाही. माठही उन्हात ठेवत नाहीत.

रात्री अंगणात खाटा पडल्या. आमरसाने सगळे जड झालेले. तेव्हा भाच्याने जी गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. आवडली म्हणून मागाहून वाचून खात्रीही करून घेतली. बँकेची सवय.

१९४२ सालचा फ्रान्स. जर्मनांनी देश घेतलेला, पेट्रोल त्यांनी आपल्यासाठी उचललेलं. लोक मोटारी गॅसवर चालवायला लागले होते. एमील गान्याँ नावाचा पॅरिसचा एक इंजिनिअर एअर लिक्विड कंपनीत कामाला होता. गाडीच्या इंजिनाला लागेल तेव्हा, लागेल तेवढाच गॅस पुरवणारी एक छोटी झडप त्याने बनवली होती. इंजिनाने ओढलं की उघडायची, ओढणं थांबलं की बंद. तिकडे नौदलातला एक अधिकारी, जॅक-ईव्ह कुस्तो, पाण्याखाली मोकळेपणी फिरायच्या नादाने झपाटलेला. त्याला हवी होती माणसाने ओढलं की हवा देणारी झडप. या दोघांची गाठ घालून दिली ती कुस्तोच्या सासऱ्याने. सासरे त्याच कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. आपल्याकडे जावई धोंड्याच्या महिन्यात अंगठी मागतो, फार तर मोटरसायकल. या जावयाने सासऱ्याकडे श्वास मागितला. आणि तो मिळाला! १९४३च्या जानेवारीत मार्न नदीत पहिली चाचणी झाली. आडवं पोहताना ठीक चालायचं. उभं राहिलं की हवा उगीच वाहून जायची आणि डोकं खाली केलं की ओढता ओढवत नसे. श्वास बाहेर सोडायचं तोंड त्यांनी झडपेच्या पातळीला आणून बसवलं, आणि जमलं. तोच अॅक्वालंग. भाच्याच्या टाकीवर आज जे बसतं, ते सगळं त्याच कुळातलं.

"म्हणजे ही वस्तू जन्माला आली मोटारीत," मी म्हणालो.

"हो. पुढे समुद्रात गेली."

"म्हणजे दिली तिकडे."

ताई हसली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी तिलाही दिली होती, आणि आज ती आखाजीला आलेली होती. लेकी येतात, झोके घेतात, आईशी भांडतात, आणि दोन दिवसांनी जातात. तेव्हा त्या झडपेनेही ऐंशी वर्षांनी एखादा दिवस मोटारीच्या चाकाशी बसून घालवला तर त्यात वावगं काय, असं मी म्हटलं. भाचा म्हणाला, मामा, तू आता झोप.

त्या झडपेचा मला हेवा वाटतो, तो तिच्या स्वभावामुळे. मागेल तेव्हा, मागेल तेवढं. आमचा नळ मागेल तेव्हा येत नाही, वीज मागेल तेवढी मिळत नाही. पाऊस तर दोन्ही बाबतींत स्वतंत्र.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर धुळ्यापर्यंत निघालो. सासुरवाडीला रसाचं आमंत्रण होतं. टाकीत निम्म्याहून थोडी कमी हवा उरलेली. ती परत भरायची कुठे, हा प्रश्न मी काढला. जळगाव-धुळ्यात कम्प्रेसर पावलापावलावर. पण पंक्चरवाल्याचा कम्प्रेसर आठ-दहा बारपर्यंत जातो. त्याने दोनशेची टाकी भरणं म्हणजे तांब्याने विहीर भरणं. आणि भरली तरी ती श्वासाला चालायची नाही, कारण तेलाचा अंश, धूर, जे आसपास असेल ते सगळं त्या हवेत येतं. टायरला त्याचं काही नाही. टायर काहीही खातो. म्हणून टायर भरायला वापरलेली टाकी पाण्यात नेता येते, फक्त भरताना ती नीट गाळलेल्या हवेनेच भरलेली असावी लागते. आणि उलटी चूक तर जिवाशी खेळ. ऑक्सिजनचं सिलिंडर टायरला किंवा चाकाचे नट खोलायच्या हवेच्या गनला कधीही जोडायचं नाही. तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले की आग लागते, स्फोट होतो. टाकीत असते ती आपल्या नाकाला मिळते तीच हवा, हे गावाला पटवता पटवता भाच्याचा आवाज बसला होता. बाकी या टाक्यांनाही परीक्षा असतात. ठरावीक वर्षांनी पाणी भरून दाबाखाली तपासायचं, खांद्यावर तारखेचा ठसा मारायचा. देशभरच्या असल्या सिलिंडरांचे नियम सांभाळणाऱ्या 'पेसो' या सरकारी संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. देशाचा दाबलेला श्वास विदर्भाच्या ताब्यात, हे ऐकून मी थोडा चपापलो.

धुळ्याचं नाव निघालं तसा भाचा जरा गंभीर झाला. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्यात असते. तापीत, धरणात, कुठे कुणी बुडालं की याच मुलांना बोलावणं जातं. २०२४च्या मे महिन्यात अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला ती गेली होती. बोट उलटली आणि त्यांच्यातलेच तीन जण गेले. "आम्ही मासे दाखवायला पाण्यात जातो, मामा," तो म्हणाला. मग पारोळ्यापर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

पारोळा सोडल्यावर जुन्या सहा नंबर हायवेच्या कडेला आमचे टायरवाले अण्णा आहेत. ते केरळचे. महाराष्ट्रातल्या हायवेंवर मल्याळी टायरवाले कितीतरी. त्यांच्या भाषेत मोठ्या भावाला चेट्टन म्हणतात, पण आम्ही खानदेशी लोकांनी विंध्यापासून कन्याकुमारीपर्यंत सगळ्यांना एकाच मापाने अण्णा केलं आहे. सुरुवातीला त्यांनी विरोध करून पाहिला असेल. आता सोडून दिलाय.

अण्णांच्या दुकानासमोर वऱ्हाडाची जीप उभी होती. आखाजीचा मुहूर्त कालचा, पण वरात परतीची असावी. नवरदेव शेरवानीत, घामाने भिजलेला, नवरी गाडीतच, आणि करवल्यांनी रस्त्याकडेची बाभळ अडवलेली. मागचं चाक पंक्चर. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही. स्टेपनीत हवा नसणं हा खरं तर आपला राष्ट्रीय स्वभाव आहे. त्यावर कडी म्हणजे चाकाचा एक नट आधी कुणीतरी गनने असा आवळलेला, की पान्याला दोन वऱ्हाडी लटकले तरी हलेना. आणि लाइट नाही. लाइट नाही म्हणजे कम्प्रेसर नाही, म्हणजे हवा नाही, म्हणजे गन नाही. अण्णा दोन्ही हात कमरेवर ठेवून आकाशाकडे पाहत होते.

भाचा उतरला. डिकी उघडली, गोणपाट काढलं. अण्णा पुढे आले.

"ऑक्सिजन है क्या?"

"नाही, नाही! साधी हवा आहे. समुद्रात जाताना घेतो ती."

अण्णांनी टाकीवरून हात फिरवला. मग गन आणून दिली. कपलिंग जुळायला दोन मिनिटं गेली, एक तुकडा अण्णांच्या डब्यातून निघाला. गन टाकीवर चालवणं म्हणजे हवेचा खर्च फार. ट्रिगर सलग धरून ठेवला तर चार-पाच मिनिटांत भरलेली टाकी रिकामी होते. पण एका नटाला काही सेकंदच पुरतात. टर्रर्र आवाज झाला, नट सुटला, आणि नवरदेव इतका खूश झाला की लग्नातही झाला नसेल. पाच नट सुटले, स्टेपनीत हवा गेली, चाक बसलं, पाच नट आवळले. कम्प्रेसरची धडधड नसल्यामुळे सगळं कसं देवघरासारखं शांततेत झालं. काटा पन्नासवर येताच भाच्याने चावी बंद केली. टाकी कधी पूर्ण रिकामी करायची नाही, तळाशी थोडी हवा ठेवायचीच, नाहीतर आत दमट हवा शिरते आणि टाकी आतून खराब होते. आमच्या घरी कणगी अशीच ठेवायचे. तळाशी पसाभर ज्वारी राहू द्यायची. तिथे आत काय शिरू नये म्हणून ठेवायचे, हे मात्र मी आईला कधी विचारलं नाही.

नळी सोडवण्याआधी तिच्यात अडकलेली थोडी हवा सोडावी लागते. भाच्याने चावी दाबली तसे अण्णा खाली वाकले, तोंड नळीसमोर नेलं आणि डोळे मिटून जोरात श्वास घेतला. क्षणभर तसेच राहिले.

"कुछ बास नहीं आता," ते म्हणाले. समुद्राचा वास त्यात नव्हता.

भाच्याने सांगितलं, की भरताना कोळशातून गाळतात, त्यात सगळे वास निघून जातात, मिठाचाही. अण्णांनी मान डोलावली. त्यांचं गाव अगदी किनाऱ्यावरचं आहे, हे इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कळलं.

वऱ्हाडाच्या म्होरक्याने पन्नासची नोट दिली. अण्णांनी गल्ल्यातून दहाची काढली आणि भाच्यापुढे धरली. "काम का चालीस मेरा. हवा का दस तुम्हारा." भाचा नको म्हणाला, ताई नको म्हणाली. अण्णांनी नोट टाकीच्या दांड्यात खोचून दिली आणि चहा सांगायला गेले.

धुळ्याला पोचल्यावर मी घरी फोन लावला. सुखरूप पोचलो, ताई मालेगावकडे निघाली, सगळं सांगितलं. आईला वाटेतली गंमतही सांगितली. विकत आणलेली हवा आज विकली गेली, आजीची काळजी मिटली.

पलीकडे जरा वेळ आवाज नाही. मग तिने विचारलं, "कितलाले इकी?"

"दहा रुपयांना."

"सवंगमा दिधी रे भाऊ," आई म्हणाली, आणि फोन ठेवला.